धूर आणि विसावा : मराठी निबंधातील ग्रामसुखाचा विचार

इंग्रजी निबंधवाङ्मयाच्या अभ्यासकाला पाइप ही वस्तू अपरिचित नसते. चार्ल्स लॅमने तंबाखूचा निरोप घेणारी कविता १८०५ मध्ये लिहिली, आणि त्या निरोपात निंदेपेक्षा लाडच अधिक आहेत. जेम्स बॅरीचे ‘माय लेडी निकोटिन’ १८९० मध्ये निघाले. विवाहापायी धूम्रपान सोडलेला एक गृहस्थ आपल्या आवडत्या मिश्रणाच्या आणि त्याभोवती जमणाऱ्या मित्रांच्या आठवणी त्यात सांगतो. जे. बी. प्रीस्टलीने १९४९ च्या ‘डिलाइट’मध्ये आयुष्यातील लहानसहान आनंदांची जी मोजदाद केली, तीत तंबाखूची नवी मिश्रणे चाखून पाहण्याच्या आनंदालाही जागा आहे. या लेखनाच्या शेजारीच खेड्यातील शांत जीवनाची स्तुती करणारे निबंध उभे आहेत, आणि पुष्कळदा ही दोन्ही सुखे एकाच निबंधात नांदताना दिसतात. बागेकडे उघडणारी खिडकी, जुनी खुर्ची, पायाशी कुत्रे आणि हातात पाइप, असे ते ठरीव चित्र होय.

मराठी लघुनिबंध याच परंपरेच्या संस्काराखाली वाढला. त्याने तिच्याकडून आत्मनिष्ठ निवेदन घेतले, गप्पांचा सूर घेतला, क्षुल्लक विषयातून जीवनाकडे वळण्याची रीत घेतली. परंतु धूर आणि ग्रामशांती यांच्या आजन्म सुखाचा निबंध मात्र मराठीत रुजला नाही. धूम्रपानावर मराठीत कोणी लिहिलेच नाही, असा याचा अर्थ नव्हे. ते लेखन विनोदाचा किंवा उपदेशाचा विषय राहिले. एका जीवनदृष्टीचे प्रतीक होण्याइतकी प्रतिष्ठा त्याला लाभली नाही. असे का झाले असावे, आणि त्यावरून ग्रामसुखाच्या मराठी कल्पनेविषयी काय कळते, याचा विचार येथे कर्तव्य आहे. विवेचनाला निश्चित भूमी असावी म्हणून नागपूर जिल्ह्यातील मौदा आणि त्याभोवतीचा प्रदेश समोर ठेवला आहे.

१

प्रथम पाइपची रीत पाहावी. तंबाखू तळाशी सैल आणि वर किंचित दाबून भरावी लागते. पेटल्यावर ती एकदा विझते. राख हलकेच दाबून तिला पुन्हा चेतवावे लागते. घाईने ओढल्यास जीभ पोळते. म्हणजे या उपकरणाला मंद गती स्वभावतःच मानवते, आणि मध्येच विझणे व पुन्हा पेटणे हा त्याच्या क्रमाचाच भाग असतो. आत्मपर निबंधाची रचना याहून फारशी वेगळी नसते. विषय सैल हाताने घ्यावा, आडवाटेला जावे, सूत्र सुटले असे वाटताच ते पुन्हा उचलावे आणि निष्कर्षाची घाई करू नये, हीच त्याची रीत. इंग्रज निबंधकाराला पाइप प्रिय झाला तो केवळ सवयीमुळे नव्हे. त्याच्या लेखनाचे मोजमापच त्या वस्तूत होते.

दुसरी गोष्ट अशी, की पाइप एकट्याचा असतो. तो उसना दिला जात नाही. ज्याचा त्याचा पाइप त्याच्या दातांच्या खुणांनी ओळखला जातो. निबंधातील ‘मी’ला असे खासगी उपकरण सोयीचे वाटावे, हे स्वाभाविक आहे.

तिसरी गोष्ट मात्र सहसा बोलून दाखविली जात नाही. पाइप ओढीत खेड्यात बसणाऱ्या या ‘मी’चा निर्वाह खेड्यावर चालत नाही. त्याची मिळकत दुसरीकडून येते. खेडे त्याला पिकवावे लागत नाही, केवळ पाहावे लागते. लॅमची गोष्ट या बाबतीत उद्बोधक आहे. तो १७९२ पासून १८२५ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरीत कारकुनी करीत होता. खेड्यापेक्षा लंडनच त्याला प्रिय होते. सेवानिवृत्तीवर त्याने लिहिलेल्या निबंधात मोकळ्या वेळाचा आनंद आहे, तसाच त्या वेळाने आलेला गोंधळही आहे. विसाव्याची किंमत तेहतीस वर्षांच्या खतावण्यांत मोजलेली असल्यामुळे लॅमच्या विसाव्याला वजन येते. त्याच्या अनुयायांत ही किंमत हळूहळू अदृश्य झाली आणि चित्र तेवढे उरले.

२

१९३० नंतरच्या दशकात मराठी लघुनिबंध नावारूपास आला. ना. सी. फडके यांच्या ‘गुजगोष्टी’ १९३३ मध्ये आणि अनंत काणेकर यांची ‘पिकली पाने’ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली, वि. स. खांडेकर यांचे ‘वायुलहरी’ही त्याच दशकातील. या निबंधकारांचा ‘मी’ प्राधान्याने सुशिक्षित, मध्यमवर्गीय आणि शहराकडे तोंड असलेला आहे. खेडे त्याला भेटते ते बहुधा सुट्टीत, प्रवासात किंवा बालपणीच्या स्मृतीत. त्यामुळे त्याच्या ग्रामसुखाला परतीचे तिकीट जोडलेले असते. या प्रकारावर कृत्रिमतेचा जो आरोप पुढे झाला, त्याचे मूळ शैलीइतकेच या परिस्थितीत शोधावे लागते.

खांडेकरांचा अपवाद येथे लक्षात घेतला पाहिजे. १९२० पासून १९३८ पर्यंत ते शिरोड्याला शिक्षक होते. म्हणजे खेडे त्यांच्या वाट्याला रोजच्या कामाच्या रूपाने आले. त्यांच्या निबंधांत निसर्गाची ओढ आहे, पण ती ओढ निश्चिंतपणे बसू शकत नाही. चांदणे पाहता पाहता त्यांना कोणाचे तरी दारिद्र्य आठवते. टीकाकारांनी याला बोधवाद म्हटले, आणि कलेच्या दृष्टीने तो दोष पुष्कळदा खरा आहे. तथापि त्या बोधामागे एक प्रामाणिक अडचणही आहे. ज्या शाळेत मुले उपाशी येतात, त्या शाळेच्या मास्तराला खिडकीतून दिसणारी शांतता निर्वेधपणे भोगता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात ललित निबंध पालटला. इरावती कर्वे यांची ‘परिपूर्ती’ १९४९ ची, दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ चे, श्रीनिवास कुलकर्णी यांचा ‘डोह’ १९६५ चा. ‘ऋतुचक्रा’त महिन्यामागून महिना येतो, झाडे, फुले, पाखरे, आकाश यांचे व्यापार नोंदले जातात, पण पाहणारी व्यक्ती स्वतःच्या सुखासाठी कोणतीही बैठक मांडून बसत नाही. निवांतपणा तेथे अवधानातून उत्पन्न होतो. खुर्ची, दिवाणखाना, धूर यांची गरजच उरत नाही. मराठी निबंधाने आपल्या स्वभावाला साजेशी शांती येथे प्रथम कमावली, असे म्हणावयास हरकत नाही.

कादंबरीने या शांतीची दुसरी बाजू दाखविली. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आली. तीत मेंढपाळांच्या वाडीचे जगणे संथ आणि देखणे आहे. पण दुष्काळ येतो आणि वाडी ओस पडते. खेड्याची शांतता ही पावसाच्या भरवशावर घेतलेली उसनवार आहे, हे ती कादंबरी कोठेही न सांगता सांगते. उद्धव शेळके यांच्या १९६० च्या ‘धग’मध्ये वऱ्हाडातील एका गरीब कुटुंबाची कथा येते. तेथे रिकामपण नवऱ्याच्या, महादेवाच्या, वाट्याला येते आणि कष्ट कौतिकच्या वाट्याला. घरातील एकाचे स्वास्थ्य दुसऱ्याच्या मरमरीवर उभे असते, हे सत्य निबंधाच्या ‘मी’ला एकट्याने बसून कधीच दिसले नसते.

३

आता धुराकडे वळावे. धूम्रपान ही क्रिया भारतीयांना तंबाखूपूर्वीही ठाऊक होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधी द्रव्यांची वात करून धूर घेण्याचा विधी आहे, आणि त्याच्या आठ वेळाही सांगितल्या आहेत. परंतु तो दिनचर्येचा व चिकित्सेचा भाग होता; मौजेचा नव्हता. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त तांबूलाचे उल्लेख आहेत, तंबाखूचा असणे शक्यच नव्हते. ती पोर्तुगीजांच्या मार्गाने दख्खनेत आली. अकबराच्या दरबारात तंबाखू प्रथम नेणारा असद बेग ती विजापुराहून घेऊन गेला, ही सतराव्या शतकाच्या आरंभीची हकीकत इतिहासात प्रसिद्ध आहे. म्हणजे उत्तरेच्या आधी ती दक्षिणेच्या ओळखीची झाली होती. जहांगीराने १६१७ मध्ये तिला मनाई केली. त्याच शतकातील तुकारामाच्या गाथेत तमाखूच्या धुराचा निषेध आढळतो. मराठी वाङ्मयात ही वनस्पती प्रवेशली तीच आरोपी म्हणून.

लोकव्यवहारात मात्र तिने लवकरच घर केले. चिलीम, गुडगुडी, हुक्का, विडी, चंची, गुडाखू असा शब्दसंसार तिच्याभोवती उभा राहिला. त्यांतील चिलीम आणि पाइप यांची तुलना प्रस्तुत विषयाला उपकारक आहे. चिलमीत खडा बसवितात, वर तंबाखू आणि तीवर विस्तव ठेवतात, तळाशी ओल्या फडक्याची छापी गुंडाळतात, आणि दोन्ही हातांच्या ओंजळीतून झुरका घेतात. एकाने झुरका घेतला की ती दुसऱ्याच्या हाती जाते. तिला विस्तव लागतो. तो आपल्या चुलीत नसल्यास शेजाऱ्याकडे मागावा लागतो. चिलमीचा धर्मच असा, की ती माणसाला दुसऱ्याच्या दारी नेते. गाव कोणाला आपले मानतो आणि कोणाला दूर ठेवतो, हे तिच्या वाटेवरून कळते. हुक्कापाणी बंद करणे म्हणजे माणसाला समाजातून उठविणे, हा वाक्प्रचार उगाच पडलेला नाही. जेथे चिलीम फिरते, तेथे जातीची रेषाही तिच्याबरोबर फिरते. चिलमीच्या बैठकीचे रम्य वर्णन करणाऱ्या लेखकाने ती कोणापाशी येऊन थांबते, हेही सांगितले पाहिजे.

या दृष्टीने दासगणू महाराजांच्या १९३९ मधील ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथातील चौथ्या अध्यायाचा प्रसंग वाचनीय आहे. शेगावी बंकटलालाच्या घरी गजानन महाराज मुलांना चिलीम भरावयास सांगतात. घरात विस्तव नसतो. मुले जानकीराम सोनाराकडे जातात. अक्षयतृतीयेच्या सणाला विस्तव देणे अशुभ, म्हणून तो नकार देतो. पुढे विस्तवावाचूनच चिलीम पेटते आणि सोनाराच्या घरचे पक्वान्न नासते. भाविक या कथेत चमत्कार पाहतात, आणि ग्रंथाचा हेतूही तोच आहे. समीक्षकाला आणखी एक गोष्ट दिसते. कथेतील दोष तंबाखूच्या पारड्यात पडलेला नाही. तो नाकारलेल्या विस्तवाच्या पारड्यात पडला आहे. शेजारधर्म मोडला, हा खरा अपराध. त्याचबरोबर, आधीच्या अध्यायात काशीच्या गोसाव्याने नवसाचा गांजा अर्पण केल्याची कथा सांगताना, महाराजांना त्याची आसक्ती नव्हती असा खुलासा करणे कवीला आवश्यक वाटले आहे. संताच्या हातातील चिलीमही मराठी मनाला समर्थनावाचून चालत नाही.

यावरून पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. पाइपमधून आत्मपर निबंध जन्मला, कारण तो एकट्याचा होता. चिलमीतून गोष्ट जन्मते, कारण ती मागावी लागते, द्यावी लागते, नाकारता येते. तिच्यात नाट्य आहे, आत्मनिवेदन नाही. मराठी धुराचे वाङ्मयीन घर निबंधात नसून कथेत आणि आख्यानात आहे.

४

उरलेले अर्धे उत्तर भूमीकडून घ्यावे लागते. मौदा हे नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कन्हान नदीकाठी वसलेले तालुक्याचे गाव आहे. भोवती धानाची शेती आहे. याच जिल्ह्यात रामटेक आहे. वा. वि. मिराशी आदी संशोधकांनी ‘मेघदूता’तील रामगिरी तो हाच, असे प्रतिपादन केले आहे. ते मान्य केल्यास या भूमीला ग्रामशांतीचे फार जुने काव्य लाभले आहे, असे म्हणता येईल. पण त्या काव्यातील यक्ष तेथे सुखाने राहावयास आलेला नाही. त्याला वर्षाची शिक्षा झाली आहे. वनराई, जलाशय, एकांत, सर्व काही आहे, आणि तरीही त्याचे मन अलकेला आहे. ज्याने निवड केली नाही त्याला निवांत स्थळही तुरुंग वाटते, ही जाण कालिदासाने ग्रामसुखाच्या कोणत्याही स्तुतिपाठकाआधी दिली. मेघ कशाचा बनतो हे सांगताना त्याने धुराला पहिले स्थान दिले आहे, हेही सहज आठवते.

या प्रदेशाचा धूर दोन ठिकाणांहून येतो. पहिला विडीचा. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात तेंदूच्या पानांवर विडीचा मोठा धंदा उभा राहिला. भर उन्हाळ्यात रानात जाऊन पाने तोडावयाची, त्यांच्या जुड्या बांधून वाळवावयाच्या. मग घराघरांतून, मुख्यतः बायकांनी, पान कापून, तंबाखू भरून, दोऱ्याने विड्या बांधावयाच्या आणि हजाराच्या हिशेबाने मजुरी घ्यावयाची, असा तो व्यवसाय. १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच त्यांच्या स्थितीची कल्पना येते. तंबाखूच्या दुसऱ्या टोकाला, सीमाभागातील निपाणी येथे, वखारींत काम करणाऱ्या स्त्रियांचे जिणे अनिल अवचट यांनी आपल्या लेखनातून मराठी वाचकापुढे मांडले. त्या वखारीतील तंबाखूच्या धुळीने कोंडलेला श्वास आणि निबंधकाराच्या पाइपमधून उठणारे निळसर वलय यांचे मूळ एकाच पानात आहे. ओढणाऱ्याचा विसावा वळणाऱ्याच्या हातांतून येतो. आणि वळणाऱ्या हातांना विसावा नसतो.

दुसरा धूर औष्णिक विद्युत्केंद्राचा. मौद्याजवळ राष्ट्रीय औष्णिक विद्युत् महामंडळाच्या केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन आणि ६६० मेगावॅटचे दोन संच उभारले गेले. त्यांतील पहिला २०१३ मध्ये कार्यान्वित झाला. आता या परिसरातील लेखकाला आकाशाचे वर्णन करताना त्या चिमण्या वगळता येणार नाहीत. वगळल्यास त्याचे खेडे पुस्तकातून उचललेले ठरेल.

तंबाखूचे सेवन येथे थांबलेले नाही. पुष्कळ अंशी त्याने रूप पालटले आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा विदर्भात घरोघर पोहोचला. त्यात धूर नाही, बैठक नाही, विस्तवाची देवघेवही नाही. आहे ती केवळ सवय, आणि तिच्यामागून येणारा मुखाचा कर्करोग. येथे ‘आजन्म सुख’ या कल्पनेतील एक तर्कदोष ध्यानात येतो. तंबाखूच्या साठ वर्षांच्या सोबतीवर निबंध लिहू शकतो तो साठ वर्षे वाचलेला. जो चाळिशीत गेला, त्याचा निबंध कोणत्याही संग्रहात नसतो. स्मरणरंजनाचे वाङ्मय हे वाचलेल्यांचे वाङ्मय असते, हे गृहीत धरूनच त्याची साक्ष घ्यावी लागते.

खुद्द या भूमीने ग्रामसुखाविषयी जो विचार केला तो वेगळ्या दिशेने गेला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ १९५५ ची. तीत गाव हे विश्रांतीचे ठिकाण म्हणून येत नाही. ते घडवावयाचे काम म्हणून येते, आणि व्यसनमुक्ती हा त्या कामाचा भाग मानला आहे. नागपूरच्या बाबा जुमदेवजींनी प्रवर्तित केलेल्या ‘परमात्मा एक’ मानवधर्माचा आश्रम मौद्यालाच आहे. व्यसनत्याग हा त्या पंथाच्या आचाराचा पाया होय, आणि त्याचे अनुयायी बहुसंख्येने कष्टकरी कुटुंबांतील आहेत. या दोन्ही विचारांत घराची शांती ही धुरात बसून मिळणारी वस्तू नव्हे. धूर आणि दारू बाहेर काढल्यावर जी उरते ती. ही भूमिका एखाद्याला रुक्ष वाटेल. पण तिच्यामागे ज्या घरांचा अनुभव आहे, त्या घरांत पुरुषाची चैन हा बाईच्या अन्नातला वाटा असे.

५

असे असता धुराच्या सुखाचे वर्णन करूच नये, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. दिवसभर चिखलात रोवणी करून बांधावर टेकलेला माणूस विडी शिलगावतो, तेव्हा त्या दोन मिनिटांत तो कोणाचा नोकर नसतो. आरोग्यशास्त्र त्या विडीला अनुकूल नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या दोन मिनिटांची गरज आरोग्यशास्त्राने नाहीशी होत नाही. उपदेशपर वाङ्मयाची उणीव हीच, की ते विडीबरोबर विसावाही काढून घेते आणि त्याच्या जागी काय द्यावयाचे, हे फार थोड्या वेळा सांगते. उलट रंजनपर निबंधाची उणीव ही, की तो विसाव्याला विलास करतो आणि ज्याच्या वाट्याला तो येतच नाही त्याला चित्राबाहेर ठेवतो.

मराठी निबंधात पाइप रुजला नाही, ही गोष्ट उणेपणाची मानण्याचे कारण नाही. ज्या समाजात निवांत बसण्याचा अधिकार इतका विषम वाटलेला आहे, तेथे एकट्याच्या सुखाचे ते उपकरण उसने आणलेलेच दिसले असते. मराठीतील चांगल्या लेखनाने ते टाळले. कोणी अवधानातून शांती मिळविली, कोणी कथेतून तिचा हिशेब मांडला. आजच्या अभ्यासकाने ग्रामसुखाचे कोणतेही वर्णन वाचताना एवढे विचारावे, की या विसाव्याचा विस्तव कोणाच्या चुलीतून आला, आणि तो मागणाऱ्याला मिळाला की नाकारला गेला. ज्या निबंधात या प्रश्नाला जागा आहे, त्याच्यातील सुख वाचकाला संकोचावाचून आपले म्हणता येईल. बांधावरच्या त्या माणसाचा, आणि त्याची विडी वळणाऱ्या बाईचाही, निवांत क्षण मराठी निबंधात यावयाचा आहे. तो आला म्हणजे मौद्याच्या नदीकाठची शांतता कोणत्याही परक्या खिडकीतून पाहण्याची गरज उरणार नाही.